प्लॅनिंगच्या अर्जावर पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत बोलायचं आहे, कसं बोलू?

रानजाई

नमस्कार. इंग्लंडमध्ये गावाकडे राहणाऱ्यांनी आणि इथल्या प्लॅनिंगची माहिती असणाऱ्यांनी जरा मार्ग दाखवा.

आमच्या घरामागे एक शेत आहे. तिथे १४ घरं बांधायचा अर्ज आलाय. आधी विजेच्या खांबाला बांधलेली पिवळी नोटीस दिसली, मग डिस्ट्रिक्ट कौन्सिलचं पत्र आलं. पत्रात लिहिलंय, 'आउटलाइन अर्ज, ॲक्सेस सोडून बाकी सर्व मुद्दे राखीव'. याचा नेमका अर्थ मला लागला नाही. एवढं कळलं की गाड्यांची ये-जा आमच्या गल्लीतून होणार. गल्लीला फुटपाथ नाही. समोरून कचऱ्याची गाडी आली तर दुसऱ्याला कुणाच्या तरी गेटात शिरून थांबावं लागतं. सकाळी शाळेची मुलं इथूनच चालत जातात, माझी दोघंही त्यातच असतात.

घरंच नकोत असं माझं म्हणणं अजिबात नाही. गावातल्या तरुण मुलांना गावात घर मिळत नाही हे मी रोज पाहते. पण या तोंडातून एवढ्या गाड्या बाहेर काढणं मला धोक्याचं वाटतं.

पॅरिश कौन्सिलची, म्हणजे गावपातळीवरच्या कौन्सिलची, बैठक पुढच्या मंगळवारी आहे. बस स्टॉपजवळच्या फलकावर अजेंडा लागलाय, त्यात या अर्जाची एकच ओळ आणि नंबर आहे. पत्रातली हरकतीची शेवटची तारीख मात्र त्याच्या आधीचा रविवार आहे! मग बैठकीचा उपयोग काय? मला तिथे बोलू देतील का? आम्ही अजून भारतीय पासपोर्टवर आहोत, त्याने काही अडतं का? शेजारची एक बाई सह्या गोळा करतेय, त्या कुणाला द्यायच्या? आणि मुळात, पॅरिश कौन्सिलने 'नाही' म्हटलं तर अर्ज नामंजूर होतो का? गावातल्या अर्ध्या लोकांचा तसाच समज आहे.

---

नांगरट

रानजाई, मी लिंकनशरमधल्या एका गावात पॅरिश कौन्सिलर आहे. जागा रिकामी होती, को-ऑप्ट होऊन (म्हणजे निवडणूक न होता कौन्सिलनेच घेतल्याने) आलो आणि राहिलो. प्लॅनिंगचे अर्ज आमच्यापुढे जवळपास दर बैठकीला येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. नाही, पॅरिशच्या नकाराने अर्ज नामंजूर होत नाही. निर्णय तुमची डिस्ट्रिक्ट कौन्सिल घेते, जिथे युनिटरी (डिस्ट्रिक्ट आणि काउंटी दोन्हींचं काम करणारी एकच कौन्सिल) आहे तिथे ती, नॅशनल पार्क असेल तर पार्कची ऑथॉरिटी. पॅरिशला फक्त मत कळवायचा अधिकार आहे. १९९० च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्यानुसार पॅरिशने मागणी केलेली असेल तर तिला अर्ज कळवावाच लागतो, आणि मत द्यायला २१ दिवस मिळतात. हे २१ दिवस पॅरिशला कळवल्यापासून मोजतात, तुमच्या पत्राच्या तारखेपासून नाही. त्यामुळे पॅरिशची मुदत बहुधा तुमच्यापेक्षा वेगळी असेल. तरीही उद्याच पॅरिशच्या क्लर्कला (कौन्सिलचा कारभार सांभाळणारा कर्मचारी) ईमेल करा आणि विचारा, 'या अर्जावर पॅरिशची मुदत कधी संपते, आणि मुदतवाढ मागितली आहे का?' आमची क्लर्क केस ऑफिसरला (अर्ज हाताळणारा डिस्ट्रिक्टचा अधिकारी) दोन ओळी लिहून बैठकीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ मागून घेते. सहसा मिळतो.

तुमची स्वतःची हरकत मात्र रविवारच्या आत डिस्ट्रिक्टच्या प्लॅनिंग पोर्टलवर (वेबसाइटवर) टाका, बैठकीची वाट पाहू नका. निर्णय होईपर्यंत उशिरा आलेली पत्रंही बरेचदा विचारात घेतात, पण त्या भरवशावर कशाला राहायचं? नाव-पत्ता लागतो आणि मजकूर सगळ्यांना दिसतो, तेव्हा कुणाबद्दल वैयक्तिक काही लिहू नका.

आता बैठक. १९६० च्या कायद्याने पॅरिश कौन्सिलची बैठक जनतेला खुली असते. कुणीही येऊन बसू शकतं, पासपोर्ट कुठलाही असो. २०१४ च्या नियमांपासून रेकॉर्डिंगही करता येतं. मात्र *बसण्याचा* हक्क कायद्याने दिलाय, *बोलण्याचा* नाही. बोलायची सोय प्रत्येक कौन्सिल आपल्या स्टँडिंग ऑर्डर्समध्ये (कामकाजाच्या स्वतःच्या नियमांत) करते. साधारण सुरुवातीला पंधरा मिनिटं लोकांसाठी राखून ठेवतात आणि एकेकाला तीन मिनिटं देतात. तुमच्या अजेंड्यावर 'पब्लिक पार्टिसिपेशन' असं काही दिसेल. लोक इथेच फसतात. आपला विषय सातव्या क्रमांकावर आहे म्हणून सातव्याची वाट पाहत बसतात, आणि तो आला की चेअरमन म्हणतात, आता फक्त कौन्सिलर बोलतील. म्हणून सुरुवातीलाच हात वर करा. अजून चांगलं म्हणजे, बोलायचंय हे क्लर्कला आधी कळवून ठेवा.

अजेंडा बैठकीआधी तीन पूर्ण दिवस लागलेला असावा लागतो. लावल्याचा दिवस, बैठकीचा दिवस आणि रविवार धरत नाहीत, म्हणजे मंगळवारसाठी उशिरात उशिरा आधीच्या गुरुवारी. तुमचा लागलाय आणि अर्जाचा नंबर त्यात आहे, हे महत्त्वाचं. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर पॅरिशला ठराव करता येत नाही. ईमेलवर सगळ्या कौन्सिलरांनी 'हो, हरकत घेऊ' म्हटलं तरी तो निर्णय होत नाही. बैठकीत ठराव व्हायला हवा, किंवा कौन्सिलने आधी रीतसर ठराव करून क्लर्कला तसा अधिकार दिलेला हवा. आमच्याकडे एकदा मुदत बैठकीच्या आधी संपत होती, तेव्हा फक्त त्या एका अर्जासाठी वेगळी बैठक बोलावली. हॉलमध्ये आम्ही चौघंच होतो, पण गणपूर्ती झाली. एक तृतीयांश सदस्य आणि किमान तीन, एवढे लागतात.

आता तुमच्या अर्जाचं. आउटलाइन म्हणजे 'इथे एवढी घरं तत्त्वतः चालतील का' एवढाच प्रश्न. घरांची मांडणी, उंची-आकार, रूप, झाडझाडोरा हे नंतरच्या अर्जात येतं. पण तुमच्या पत्रात ॲक्सेस राखीव ठेवलेला *नाही*. म्हणजे गल्लीचं तोंड कुठे, किती रुंद, तिथून किती लांबचं दिसतं, हे आत्ताच ठरणार. एकदा ठरलं की पुढच्या अर्जात 'गल्ली अरुंद आहे' म्हणून काही उपयोग नाही. तेव्हा तुमचा सगळा जोर इथेच लावा.

पोर्टलवर ट्रान्सपोर्ट स्टेटमेंट नावाची पीडीएफ असेल. त्यात व्हिजिबिलिटी स्प्लेचा नकाशा शोधा. तोंडाशी, मुख्य रस्त्याच्या कडेपासून २.४ मीटर आत थांबलेल्या ड्रायव्हरला दोन्ही बाजूंना किती मीटर रस्ता मोकळा दिसतो, ते त्यावर रेघांनी दाखवलेलं असतं. मॅन्युअल फॉर स्ट्रीट्स या सरकारी मार्गदर्शिकेप्रमाणे ताशी ३० मैलांच्या रस्त्याला ४३ मीटर लागतात. ती रेघ कुणाच्या कुंपणावरून किंवा हेजवरून (झुडपांच्या कुंपणावरून) जातेय का बघा. हेज दुसऱ्याच्या मालकीची असेल तर ती छाटून ठेवायची हमी अर्जदार कुठून देणार? हा मुद्दा रस्त्यांचं पाहणाऱ्या हायवे विभागाच्या अधिकाऱ्याला विचार करायला लावतो. टेप घेऊन गल्लीची रुंदी मोजा, सर्वांत अरुंद जागी मोजा, आणि शाळेच्या वेळेचे फोटो काढा (मुलांचे चेहरे नकोत).

'ट्रॅफिक वाढेल' एवढंच म्हटलं तर वजन पडत नाही. नॅशनल प्लॅनिंग पॉलिसी फ्रेमवर्क या सरकारी धोरणाच्या डिसेंबर २०२४ च्या आवृत्तीत स्पष्ट आहे, रस्त्याच्या कारणावरून नाकारायचं तर सुरक्षिततेवर अस्वीकारार्ह परिणाम हवा किंवा रस्त्यांच्या जाळ्यावरचा एकत्रित परिणाम गंभीर हवा. तुमची केस सुरक्षिततेची आहे, त्यामुळे 'फुटपाथ नाही, इतक्या मीटरची रुंदी, पायी जाणारी मुलं' या क्रमाने बोला.

सह्यांचं निवेदन द्यायचं तर डिस्ट्रिक्टला द्या, पॅरिशला प्रत. पण बऱ्याच ठिकाणी शंभर सह्यांचं निवेदन एकच हरकत धरतात. शेजारणीला सांगा, त्यातल्या दहा जणांनी स्वतःच्या शब्दांत स्वतंत्र लिहिलं तर जास्त वजन पडेल.

---

शिसपेन्सिल

मी काही वर्षं एका डिस्ट्रिक्टच्या प्लॅनिंग ऑफिसात काम केलंय, टेबलाच्या पलीकडून थोडं सांगते.

केस ऑफिसर तुमचं पत्र वाचतात, सगळी वाचतात. पण रिपोर्टमध्ये फक्त तेच येतं जे प्लॅनिंगच्या दृष्टीने विचारात घेता येतं. रस्त्याची सुरक्षितता, पाणी तुंबणं, शेजाऱ्याच्या खिडकीत थेट डोकावणं, उजेड अडणं, गोंगाट, जुन्या वास्तूचा परिसर, संरक्षित झाडं, हे सगळं चालतं. घराची किंमत घसरेल, माझ्या खिडकीतून टेकडी दिसणार नाही, बिल्डर आधीच बख्खळ कमावतोय, हे चालत नाही, मनापासून लिहिलेलं असलं तरी. लोक चार पानं लिहायचे आणि त्यातलं कामाचं वाक्य तिसऱ्या पानावर सापडायचं. नांगरट म्हणतात तसं, कामाचं पहिल्या ओळीत लिहा.

पॅरिशची पत्रंही दोन तऱ्हेची यायची. एक, 'कौन्सिलची या अर्जाला तीव्र हरकत आहे.' संपलं. दुसरी, लोकल प्लॅनच्या अमुक पॉलिसीचा नंबर, त्याखाली एक कारण, त्याखाली एक मोजमाप. पहिल्या पत्राचं मी काय करणार? रिपोर्टात एक ओळ लिहायची आणि पुढे जायचं. दुसऱ्याला मला उत्तर द्यावंच लागायचं, कारण २००४ च्या कायद्यानुसार निर्णय डेव्हलपमेंट प्लॅनला (लोकल प्लॅन वगैरे मंजूर आराखड्यांना) धरून घ्यायचा असतो, वेगळं करायचं तर तसं सबळ कारण दाखवावं लागतं.

अजून एक गोष्ट तपासा. तुमच्या डिस्ट्रिक्टकडे पुढच्या पाच वर्षांत लागणाऱ्या घरांसाठी पुरेशी जमीन दाखवता येते का? येत नसेल तर तराजू मंजुरीकडे झुकतो. तुमच्या गावाचा नेबरहुड प्लॅन (गावाने स्वतः केलेला आराखडा) झालाय का, तेही बघा. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने ही सोय आली. गावाच्या सार्वमतात तो मंजूर झाला की तो डेव्हलपमेंट प्लॅनचाच भाग होतो, आणि जिथे कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही (नव्या बांधकामावरची आकारणी) लागू आहे तिथे पॅरिशला त्यातले २५ टक्के मिळतात. प्लॅन नसेल तर १५ टक्के, तेही कमाल मर्यादेपर्यंतच.

१४ घरं म्हणजे 'मेजर' अर्ज (दहापासून पुढे मेजर). निर्णयाची मुदत १३ आठवडे. अर्जदार आणि ऑफिसर संमतीने ती वाढवतात, त्यामुळे तेराव्या आठवड्यात काही कळलं नाही तर घाबरू नका.

---

चांदणवेल

मी जरा वेगळं बोलते. आमच्या गावात पॅरिशने एकमताने हरकत घेतली होती, हॉलमध्ये बसायला जागा नव्हती, लोक दारात उभे होते. तरी अर्ज मंजूर झाला. त्या दिवसापासून माझे सासरे बैठकीला जात नाहीत. तीन तास बसून जर निर्णय दुसरीकडेच होणार असेल तर सामान्य माणसाने का जावं? हा प्रश्न मी रागाने नाही, खरंच विचारतेय.

---

नांगरट

चांदणवेल, प्रश्न अगदी रास्त आहे आणि आमच्याही हॉलमध्ये तो विचारला जातो.

आमच्या गावाबाहेर एका जुन्या धान्यकोठाराच्या जागी घरं आली. आम्ही हरकत घेतली, मंजुरी झाली. पण त्याच पत्रात आम्ही लिहिलं होतं की मंजुरी द्यायचीच असेल तर बांधकामाच्या लॉऱ्या शाळा भरताना आणि सुटताना येऊ नयेत, आणि पावसाचं पाणी सध्याच्या नाल्यात सोडू नये, कारण तो नाला दर हिवाळ्यात चर्चच्या वळणावर भरून वाहतो. नाल्याचे फोटो जोडले होते. मंजुरीच्या पत्रात अटी आल्या त्यात लॉऱ्यांच्या वेळा होत्या, आणि ड्रेनेजचा आराखडा आधी मंजूर करून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये हेही होतं. पुढे एका सकाळी पावणेनऊला लॉरी शाळेपुढे उभी राहिली. क्लर्कने अटीचा नंबर घालून एन्फोर्समेंटला (अटी मोडल्या तर कारवाई करणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या विभागाला) ईमेल केला आणि साइट मॅनेजरलाही फोन केला. त्यानंतर लॉऱ्या वेळा पाळायला लागल्या. अट नसती तर कुठल्या नंबराने लिहिलं असतं?

म्हणून माझं ठाम मत आहे की पॅरिशने नुसती हरकत घेऊन थांबू नये. 'हरकत आहे, आणि तरीही मंजूर केलंत तर या अटी घाला' असं लिहावं. काही कौन्सिलरांना वाटतं की अटी सुचवल्या तर आपली हरकत कच्ची पडते. मला ते पटत नाही. ऑफिसरला दोन्ही वेगळं वाचता येतं.

तुमच्या सासऱ्यांना जमलं तर ॲन्युअल पॅरिश मीटिंगला घेऊन जा. ती १ मार्च ते १ जूनच्या दरम्यान होते आणि ती कौन्सिलची बैठक नसते, मतदारांची असते. आपल्या ग्रामसभेसारखी. तिथे मतदार म्हणून त्यांना बोलता येतं, ठराव मांडता येतो, मतही देता येतं. सहा मतदारांनी मिळून एरवीही अशी सभा बोलावता येते.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते, म्हणजे पुढे कुणाला उपयोगी पडेल.

रविवारच्या आत माझी हरकत टाकली. टेप घेऊन गल्ली मोजली, वळणावरच्या दगडी भिंतीपाशी ३.४ मीटर भरली. स्प्लेचा नकाशा सापडला आणि डावीकडची रेघ खरंच एका आजोबांच्या हेजमधून गेलेली आहे. त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे चष्मा लावून स्वतःची वेगळी हरकत लिहायला घेतली.

क्लर्कने कळवलं की पॅरिशची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, तेव्हा मंगळवार वेळेतच होता.

बैठक सुरू झाल्या झाल्या एका कौन्सिलरांनी सांगितलं की ते शेत त्यांनी मेंढ्यांसाठी भाड्याने घेतलेलं आहे, आणि तो विषय आला की ते उठून बाहेर गेले. मला हे नवीन होतं. तीन मिनिटांत मी रुंदी, फुटपाथ, हेज एवढंच बोलले, घरं नकोत असं नाही हेही बोलले. खाली बसले तेव्हा हात थरथरत होते. मग कौन्सिलरांची चर्चा झाली. एका बाईंनी पॉलिसीचे नंबर आणले होते. एका गृहस्थांना घरं हवी होती, त्यांच्या मुलीला गाव सोडावं लागलंय, आणि मला त्यांचं ऐकून वाईट वाटलं, कारण ते खरं बोलत होते. शेवटी ठराव झाला, पाच विरुद्ध एक. ॲक्सेसच्या सुरक्षिततेवर हरकत, आणि मंजुरी दिल्यास गल्लीच्या तोंडापासून शाळेच्या रस्त्यापर्यंत फुटपाथ, लॉऱ्यांच्या वेळा, आणि घरांपैकी काही स्थानिकांसाठी परवडणारी. क्लर्कने मसुदा तिथेच वाचून दाखवला.

आता पुढे काय? आणि ते भाडेकरू कौन्सिलर बाहेर का गेले, कुणी हाकललं तर नव्हतं.

---

नांगरट

छान बोललात. ३.४ मीटर हा आकडा आता पॅरिशच्या पत्रात आहे, हेच हवं होतं.

त्या कौन्सिलरांनी योग्य तेच केलं. जमीन भाड्याने असणं हा नोंदवायचा आर्थिक हितसंबंध आहे. तो असताना चर्चेत भाग घेणं किंवा मत देणं २०११ च्या कायद्याने गुन्हा ठरू शकतो. खोली सोडायची की नाही हे स्टँडिंग ऑर्डर्सवर असतं. ज्या गृहस्थांना घरं हवी होती त्यांचंही काही चुकलं नाही. आधीपासून कल असणं चालतं, काही ऐकून न घेता आधीच निर्णय पक्का करून येणं चालत नाही.

पुढचं असं. बहुतेक अर्ज ऑफिसरच निकाली काढतात. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या घटनेत 'स्कीम ऑफ डेलिगेशन' (कोणते निर्णय ऑफिसरने घ्यायचे याचे नियम) शोधा. अनेक डिस्ट्रिक्टमध्ये पॅरिशची हरकत आणि ऑफिसरची शिफारस उलट असली की अर्ज कौन्सिलरांच्या प्लॅनिंग कमिटीपुढे जातो. तुमच्याकडे तसं नसेल तर तुमच्या वॉर्डाच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलरांना आजच लिहा आणि 'कॉल-इन' करायला, म्हणजे अर्ज कमिटीपुढे न्यायची मागणी करायला, सांगा. त्याला मुदत असते आणि ती निघून गेली की ते काही करू शकत नाहीत. कमिटीत बोलायला आधी नाव नोंदवावं लागतं, तिथेही तीनच मिनिटं. पॅरिशतर्फे एक आणि हरकतदारांतर्फे एक असं बोलायला मिळालं तर मुद्दे वाटून घ्या, त्यांनी पॉलिसी मांडावी, तुम्ही गल्ली.

नामंजूर झाला तर अर्जदार प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे अपील करू शकतो, आणि तुमची पत्रं तिकडे आपोआप जातात. मंजूर झाला तर शेजाऱ्यांना अपील नाही, हायकोर्टातला रिव्ह्यू एवढाच, सहा आठवड्यांच्या आत, तोही निर्णय घेण्यात कायद्याची चूक असेल तरच. खर्चिक आहे. म्हणून आत्ताचे आठवडे मोलाचे.

पासपोर्टचं राहिलं. भारतीय नागरिक इथे कॉमनवेल्थमध्ये मोडतो, कुठल्याही वैध व्हिसावर मतदार यादीत नाव घालता येतं. नाव घातलं नसेल तर घाला. उमेदवारीला किंवा को-ऑप्ट व्हायला मात्र आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) लागतो. तुमच्या पॅरिशमध्ये जागा रिकामी आहे का, क्लर्कला विचारून ठेवा.

हायवेवाल्यांचं उत्तर पोर्टलवर आलं की इथे टाका. त्यात स्प्लेबद्दल काय म्हणतात ते बघू आणि पुढचं पत्र त्यावर लिहू.